‘येतो’ की ‘येते’?

मागच्या अंकात संपादकांनी ‘टीव्हीवरच्या कलावंताला विचारा’ अशी चौकट टाकली आणि महिन्याभरानं एक कापडी पिशवी माझ्या घरी पोचती केली. पोस्टकार्डं, पाकिटं, व्हॉट्सॲपवरून काढलेल्या प्रिंटा. एका पाकिटात पत्राबरोबर भडंगाची पुडी होती, ती पत्र वाचायच्या आधीच संपली. सगळ्यांना उत्तरं द्यायला जागा नाही. ज्यांनी फक्त ‘मालिकेत पुढं काय होणार’ एवढंच विचारलंय, त्यांना इथंच सांगते: मला आदल्या रात्री कळतं. कधीकधी तेव्हाही नाही.

तुमच्या घरात आधी कोणी नाटक-सिनेमात होतं का, की एकदम तुम्हीच?
*– एक निवृत्त शिक्षक, गारगोटी*

सर, होतं म्हणलं तर होतं. आजोबा सुतार. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत सिनेमाचे सेट उभे करायच्या कामाला रोजावर जायचे. राजवाडे, तटबंद्या, सिंहासनं. पुढून सगळं सोनेरी आणि मागून फळ्या नि खिळे. मी जन्मायच्या आधीच ते गेले. पण मोडलेल्या सेटच्या फळीचा त्यांनी केलेला एक पाट आमच्या स्वयंपाकघरात अजून आहे. वरून घासून घासून लाकूड पांढरं पडलंय, पण उलटा केला की खाली सोनेरी रंगाचा पट्टा दिसतो. लहानपणी मी जेवायच्या आधी तो पाट उलटा करून बघायची आणि आज्जीचा धपाटा खायची. “ह्यावर महाराज बसलेत, जरा नीट बस!”

आज्जीला गावाचा सिनेमाचा इतिहास तोंडपाठ, पण तिच्या पद्धतीनं. खरी कॉर्नरच्या कॅमेऱ्याच्या स्तंभासमोरून जाताना ती हात जोडायची. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतः खटपट करून कॅमेरा बनवला, १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी इथं सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली, हे मी पुढं पुस्तकांत वाचलं. आज्जी एवढंच म्हणायची, “प्रभात पुण्याला गेली ती गेलीच.” जशी काही घरातली सून न सांगता निघून गेली.

वडिलांचं उद्यमनगरात एक लेथ. पंपाचे सुटे भाग करून द्यायचे. सिनेमाशी त्यांचं देणंघेणं शून्य.

माझी सुरुवात तालमीत झाली. दोन्ही अर्थांनी. आमच्या पेठेतल्या तालमीत खाली पैलवान घुमायचे आणि वरच्या माडीवर भावाच्या ग्रुपच्या राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी चालायच्या. मी नववीत होते, २०११ साल. त्यांची प्रॉम्प्टिंग करणारी मुलगी परीक्षेमुळे यायची थांबली आणि भावानं मला हाताला धरून बसवलं, “वही धर, अडकला की पहिला शब्द सोड, जास्त बोलू नको.” महिनाभरात नाटकातल्या सातही जणांची वाक्यं मला पाठ झाली, त्यांची स्वतःची झाली नव्हती. प्रयोग केशवराव भोसले नाट्यगृहात. डाव्या विंगेत एक डुगडुगणारं स्टूल, मांडीवर वही, हातात लाल जिलेटीन लावलेली बॅटरी. दुसऱ्या अंकात वडिलांचं काम करणारे काका अडकले. मी पहिला शब्द सोडला. त्यांना ऐकू गेला नाही. मी जरा मोठ्यानं सोडला, तो पहिल्या तीन रांगांना ऐकू गेला. लोक हसले. रंगमंचावर माझ्या आवाजाला मिळालेली ती पहिली दाद.

ताई, बारावी झाली. मला मालिकेत काम करायचंय. एका माणसानं पोर्टफोलिओ आणि ‘कार्ड’साठी २५ हजार मागितलेत. देऊ का?
*– एक मुलगी, कागल*

देऊ नकोस.

खरं तर एवढंच पुरे, पण माझं पण ऐक. २०१७ मध्ये मी आठ हजार घालवले. एका कोऑर्डिनेटरनं, म्हणजे कलाकारांना काम मिळवून देणाऱ्या माणसानं, कोल्हापुरातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये ‘ऑडिशन’ ठेवली होती. पन्नासेक मुलं-मुली, प्रत्येकाला छातीवर नंबर. मला म्हणाला, “तुझं सिलेक्शन झालंय, फक्त रजिस्ट्रेशन करायचं राहिलंय.” आईनं शिलाईच्या पैशातून दिले. पुढं त्याचा फोन बंद. आई त्यावर एक अक्षर बोलली नाही, आणि ते आठ हजारांपेक्षा जास्त लागलं. तेव्हा नीट लक्षात ठेव: काम देणारा माणूस तुला पैसे देतो. तुझ्याकडून मागतो तो दुसरा धंदा करतो. कोऑर्डिनेटर काम मिळाल्यावर त्यातून आपला वाटा घेतात ती गोष्ट वेगळी. आधी कुणी घेत नाही.

खरी ऑडिशन फार साधी असते, इतकी साधी की पहिल्यांदा फसवणूक वाटते. एका खोलीत एक मुलगा, ट्रायपॉडवर कॅमेरा, मागे निळा नाहीतर करडा पडदा. आधी ‘इंट्रो’: नाव, वय, उंची, गाव, आधी काय केलंस. मग डावीकडं वळ, उजवीकडं वळ, हात पुढे-मागे दाखव. मग दोन पानांचा सीन. तो आदल्या दिवशी फोनवर येतो, कधी तिथंच मिळतो. समोरचं पात्र तोच मुलगा वाचतो, सासू असली तरी. सात मिनिटांत तू बाहेर. आता निम्म्या ऑडिशन घरून पाठवायच्या असतात: फोन आडवा धरायचा, खिडकीकडं तोंड करायचं, पंखा बंद. मिक्सर लावू नको म्हणून आईला सांगून ठेव.

कॉलेजला जाणार असशील तर शिवाजी विद्यापीठाचा युवा महोत्सव सोडू नकोस. एकांकिका, लघुनाटिका, मूकनाट्य, नकला, जे मिळेल ते कर. मूकनाट्यात मी एक वर्ष एसटीचं दार झाले होते. नुसतं दार. खडखडायचं, अर्धवट लागायचं, आणि कंडक्टरनं लाथ घातली की मगच बंद व्हायचं. तीन मिनिटांच्या त्या दारानं जे शिकवलं ते सांगायला बसले तर बाकीच्यांची पत्रं राहतील.

मुंबईला लगेच बिऱ्हाड हलवू नकोस. मी अकरा वेळा महालक्ष्मी एक्स्प्रेसनं गेले आणि त्याच गाडीनं परत आले. रात्री बसायचं, सकाळी दादरला उतरायचं, वेटिंग रूममध्ये तोंड धुऊन ड्रेस बदलायचा. इस्त्रीचा ड्रेस दोन उशांच्या मध्ये घालून न्यायची युक्ती आईची.

पोरी, तू टीव्हीत कोल्हापुरी बोलतीस म्हणून कौतुकानं बघत्यात आमच्याकडं. पर तू ‘मी येती, मी जाती’ असं का म्हणतीस? आमच्यात कोण असं बोलतंय? आम्ही बायका ‘मी येतो, मी जेवलो’ म्हणतो. तू गाव विसरलीस काय?
*– एक आज्जी, इचलकरंजी*

आज्जी, तुमचं पत्र तीनदा वाचलं. मेकअप रूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. तुमचं बरोबर आहे आणि मला त्याची लाजही वाटते, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात: आमच्या भागात बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी आलो, मी करतो, मी सांगितलो’ असंच म्हणतात. आई, आज्जी, शाळेतल्या बाई, भाजीवाली, सगळ्या. त्यात मुलगा होण्याची हौस नाही, उद्धटपणा नाही, ती आमची बोली आहे. शाळेत निबंध लिहिताना ‘मी गेले’ लिहायचं आणि वर्गाबाहेर पडलं की ‘चल, मी गेलो’ म्हणायचं, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. आता हे उत्तर लिहितानाही मी ‘गेले’ लिहितेय. पलीकडच्या खोलीतून आईनं हाक मारली तर ‘आलो’ म्हणणार.

२०१८ मध्ये अंधेरीत माझी पहिली धड ऑडिशन. सीन सोपा होता: मुलगी ऑफिसला निघालीय, आई डबा देते, मुलगी म्हणते, ‘आई, येते गं.’ मी डबा घेतला, चप्पल घातली, दारापर्यंत गेले आणि मागे वळून, अगदी मनापासून, म्हणाले, “आई, येतो गं!”

कॅमेऱ्यामागचा मुलगा हसायला लागला. “मॅडम, मुलीचा रोल आहे.” पुन्हा केलं. पुन्हा ‘येतो’. तिसऱ्यांदा मी ‘येते’ म्हणाले, पण त्या एका शब्दावर सगळं लक्ष गेल्यामुळे चेहऱ्यावर काहीच राहिलं नाही. आईला निरोप देणारी मुलगी जाऊन व्याकरणाचा पेपर देणारी मुलगी आली. काम मिळालं नाही.

पुढं सहा महिने मी स्वतःला वळण लावलं. डाव्या तळहातावर पेनानं ‘ते’ लिहून फिरायची. मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं, ‘तो’ म्हणले की चिमटा काढा. वाण्याकडं, रिक्षात, फोनवर, सगळीकडं ‘ते’. एकदा घरी फोन केला आणि म्हणाले, “आई, मी जेवले, आता झोपते.” पलीकडून दोन सेकंद काहीच नाही. मग आईचा आवाज, “कोण बोलतंय?” ती चेष्टा करत होती. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

आता गंमत पुढं आहे. २०१६ मध्ये झी मराठीवर ‘तुझ्यात जीव रंगला’ आली, कोल्हापूरजवळ वसगडे गावात तिचं चित्रीकरण झालं, आणि ‘चालतंय की’ म्हणायला अख्खा महाराष्ट्र शिकला. आमच्या बोलीला बाजारात भाव आला. त्यामुळे २०२१ मध्ये एका मालिकेसाठी मला बोलावलं तेच मुळी ‘ओरिजनल कोल्हापूरची पाहिजे’ म्हणून. मी तळहातावरचं ‘ते’ पुसूनच गेले. संवाद हातात आले तर प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘की वो’. शिवाय पानात दोनदा ‘नाद खुळा’. चुलीवर दूध उतू गेलं तरी नाद खुळा. आणि नायिका स्वतःबद्दल म्हणते, ‘मी येती’.

मी संवादलेखकांना सांगितलं, दादा, आमच्यात बायका ‘येतो’ म्हणतात. चांगला माणूस, त्यांनी लगेच वही काढून लिहून घेतलं. दोन दिवसांनी वरून निरोप आला: विदर्भात, मराठवाड्यात लोकांना वाटेल हिरॉइन चुकली, ‘येती’च ठेवा, ते गावाकडचं वाटतं. तर आज्जी, ‘येती’ हे माझ्या तोंडी असं आलं. ते तुमचं नाही, माझं नाही; मुंबईतल्या एका मीटिंगचं आहे. आणि मी ते दीड वर्ष बोलले, कारण घरभाडं द्यायचं होतं.

एकदाच सुटले. दिराशी भांडणाचा सीन होता, संध्याकाळचे सात वाजलेले, सगळ्यांना घाई. रागाच्या भरात तोंडातून गेलं, “मी सांगून ठेवतो, ह्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं न्हाई!” दिग्दर्शक म्हणाले, ओके, पुढचा. एडिटमध्येही कुणाच्या लक्षात आलं नाही. एपिसोड लागला त्या रात्री मावशीचा फोन आला. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. “आज बोललीस बघ,” एवढंच म्हणाली आणि ठेवला.

इतकं रडता कसं हो रोज? खरं रडता का?
*– एक वाचक, सोलापूर*

मेकअपदादा रोज विचारतात, “ग्लिसरीन देऊ, की तुझं तू बघतीयेस?” दोन्ही चालतं. ग्लिसरीननं पाणी येतं पण डोळे चरचरतात, आणि स्वतःचं आणलं तर दिवसाकाठी दोन-तीन वेळाच पुरतं. त्यामुळे मी माझं जपून ठेवते, क्लोजसाठी, म्हणजे नुसता चेहरा दिसतो त्या शॉटसाठी.

अवघड रडणं नसतं, कुणासमोर रडायचं हे असतं. मालिकेत सीन सलग होत नाही. आधी मास्टर, म्हणजे सगळ्यांना घेऊन एक अख्खा शॉट. मग लाइट ज्या बाजूला लावलाय त्या बाजूचे सगळ्यांचे क्लोज संपवतात, मग लाइट पलटतात. ज्येष्ठ कलावंतांना लवकर सोडायचं असतं, म्हणून त्यांचे क्लोज आधी. माझा नंबर येईतो रात्रीचे साडेनऊ. मला घराबाहेर काढणारा सीन. सासूबाईंचं पॅकअप होऊन त्या घरी पोचल्याही असतील. त्यांच्या जागी एक असिस्टंट, हातात कागद, तोंडात वेलची, एका सुरात वाचतोय: “चालती हो माझ्या घरातून पुन्हा तोंड दाखवू नकोस कट झाला की गाडी नंबर दोननं जायचं ताई तुम्ही.” शेवटचं वाक्य संवादातलं नव्हतं, पण मी त्यावरही रडले. टेकमध्ये तेच आहे.

आणि नजर मापात लागते. असिस्टंट सहा फुटी, सासूबाई पाच-दोन. त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं तर पडद्यावर मी छताशी बोलतेय असं दिसतं. म्हणून त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडं बघून मी आजवर अनेकदा बेघर झालेय. वडिलांना हे सांगितलं तर त्यांना पहिल्यांदा माझं काम कळल्यासारखं वाटलं. “म्हणजे टॉलरन्स हाय तुमच्यात पण,” म्हणाले. लेथवर मापात किती फरक चालतो, त्याला ते टॉलरन्स म्हणतात.

मुलगी म्हणते अभिनय करायचा. आम्हाला काळजी पैशाची. नेमकं मिळतं किती आणि कसं?
*– एक वडील, सांगली*

काका, माझा पहिला हिशोब तुमच्यापुढं ठेवते. २०१८, एका मालिकेत नर्सचं काम, एक दिवस, दोन वाक्यं. ‘पर डे’ १५०० रुपये. त्यातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला कर, १५०. कोऑर्डिनेटरचे ३००. उरले १०५०. लोकल आणि रिक्षा मिळून १४०. आणि हे पैसे त्या दिवशी मिळत नाहीत. मालिकांच्या धंद्यात ९० दिवसांची उधारी चालते. आज काम केलं की तीन महिन्यांनी बँकेत. माझे १०४ व्या दिवशी आले. तोवर मीरा रोडला चौघी जणींत घेतलेल्या वन बीएचकेचं भाडं, माझ्या वाट्याचे ५५००, तीनदा देऊन झालं होतं.

मुख्य भूमिकेत चित्र बदलतं. महिन्याला ठरावीक दिवसांची हमी करारात लिहून घेता येते, म्हणजे ट्रॅक, आपल्या पात्राची गोष्ट, थांबला तरी तेवढ्या दिवसांचे पैसे मिळतात. ते लिहून घेतलंय का हे बघायला मुलीला शिकवा. करार इंग्रजीत असतो आणि सही करायची घाई असते. बारा तासांची शिफ्ट म्हणतात. घरातून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंतचे तास वेगळे मोजा.

आणि मधेच सगळं बंद पडू शकतं, हे धरूनच चाला. १९ मार्च २०२० ला शूटिंग थांबली. मी दोन बॅगा घेऊन कोल्हापूर गाठलं. डिसेंबरपासूनची बिलं अडकलेली. आई मास्क शिवत होती, मी कापड कापत होते. जूनच्या शेवटी कामं सुरू झाली तर नियम असा की ६५ वर्षांवरच्या कलावंतांनी सेटवर यायचं नाही. आमच्या मालिकेतल्या आजींना लेखकानं काशीला पाठवलं आणि त्या फोनवरून आशीर्वाद देऊ लागल्या. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयानं तो नियम रद्द केला तेव्हा आजी काशीहून एका रात्रीत परत आल्या. प्रेक्षकांना वाटलं कथानक वळलं.

टीडीएस कापलेला असतो, म्हणून दरवर्षी रिटर्न भरायला लावा. उत्पन्न कमी असेल तर तो परत मिळतो. माझे ते दीडशे रुपये आलेत परत.

लग्न कधी?
*– एक वाचक, पुणे*

मालिकांमध्ये धरून चार वेळा झालंय. एक मोडलं, कारण गुरुवारी टीआरपी आला तो बरा नव्हता.

हातातोंडाशी येऊन गेलेलं एखादं काम?
*– एक वाचक, कराड*

२०१९. दुसऱ्या नायिकेचं काम पक्कं झालं होतं, सात ऑगस्टला मुंबईत लूक टेस्ट, म्हणजे मेकअप-कपडे-दागिने घालून बघणं. पाच ऑगस्टला नागपंचमी, म्हणून दोन दिवसांसाठी घरी आले. पुढचं तुम्हा कराडकरांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्या पुढं गेली. शिरोलीजवळ हायवे पाण्यात, रेल्वे बंद. मी ईपींना, म्हणजे मालिकेच्या एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसरना, फोन केला, पूर आलाय, गाव तुटलंय. ते म्हणाले, “अगं इथंही पाऊस आहे, लोक येतायत.” मी पाण्याचे व्हिडिओ पाठवले. त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. संध्याकाळी दुसऱ्या मुलीला उभं केलं.

आमच्या पेठेत पाणी नव्हतं. तालमीत पूरग्रस्तांसाठी चपात्या लाटायला सगळी गल्ली बसली होती, मी पण बसले. खाली कुस्तीचा हौदा, वर माडी, जिथं मी प्रॉम्प्टिंग केलं तिथं आता पन्नास माणसं झोपलेली. लूक टेस्टसाठी आणलेला मेकअप मी पिशवीतून काढलाच नाही. पुढं ती मालिका लागली तेव्हा मला भूमिका गेल्याचं तितकं वाटलं नाही, पण तिच्या कानात झुमके होते ते मीच निवडलेले होते. ते बघून टीव्ही बंद केला.

केशवराव जळालं तेव्हा तू कुठं होतीस?
*– एक रंगकर्मी, कोल्हापूर*

घोडबंदर रोडला, सेटवर. ८ ऑगस्ट २०२४, रात्र. हळदीचा सीन होता. भावाचा व्हिडिओ कॉल आला, मी कट केला. पुन्हा आला. घेतला तर तो काही बोलेना, नुसता फोन समोर धरून उभा. मला आधी कळलंच नाही काय जळतंय ते. मग नाट्यगृहाशेजारच्या खासबाग मैदानाची बाजू ओळखीची वाटली.

शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं पॅलेस थिएटर, पुढं संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचं नाव लागलं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, त्यांची जयंती. तुम्हाला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. लोक त्या रात्री इतिहासाबद्दल बोलत होते आणि माझ्या डोक्यात डाव्या विंगेतलं ते डुगडुगणारं स्टूल. ते २०११ मधलं, कधीच मोडीत गेलं असणार. तरी मी भावाला विचारलं, डावी बाजू पण गेली का रे? तो म्हणाला, “स्टेजच न्हाई राहिलं, डावी-उजवी कुठली धरून बसलीस?”

असिस्टंट बोलवायला आला. मी गेले, हळद लावून घेतली, नाचले. तो एपिसोड कुणी बघितला असेल तर त्यात मी खूप छान हसलेय.

दहा दिवसांनी आले तेव्हा आत सोडत नव्हते. बाहेर उभं राहिलं तरी ओल्या जळक्या लाकडाचा वास येत होता. आज्जी नव्वदीची, तिला घरी येऊन सांगितलं. तिला जयप्रभा आठवलं. १९४८ ला तो स्टुडिओ जाळला होता, आणि भालजींनी पुन्हा उभा केला. ती म्हणाली, “तवा तुझ्या आजोबाला लई काम लागलं हुतं.” आणि भाजी निवडायला लागली.

ताई, मी चौथीत आहे. बालनाट्य स्पर्धेत मला झाड केलंय. मला एकपण वाक्य नाही. मी काय करू?
*– एक बालवाचक, कसबा बावडा*

मी एसटीचं दार होते, तेव्हा तू माझ्याहून वरच्या दर्जाची भूमिका करतोयस.

पहिलं: प्रयोगाच्या आधी एक तास पाणी घोट घोट पी आणि शू करून ये. झाडाला मध्येच जाता येत नाही. दुसरं: हात पूर्ण वर धरू नकोस, कोपरात थोडे वाकव, नाहीतर पाच मिनिटांत थरथरतील आणि लोकांना वाटेल वादळ आलं. घरी घड्याळ लावून सराव कर. तिसरं: नाकाला खाज येणार, ती येतेच. नाक खाजवायचं नाही, वारा आल्यासारखं हळूच हलायचं आणि दंडाला घासून घ्यायचं. चौथं: कोणतं झाड आहेस ते बाईंना विचार. त्या म्हणतील, नुसतं झाड. तू मनात ठरव. वडाचं असशील तर पाय पसरून उभा राहा, नारळाचं असशील तर जवळ घे. आणि बाकीच्यांची सगळी वाक्यं पाठ कर. कोणी अडकलं तर पहिला शब्द हळू सोड, तुझ्या फांदीखाली उभा असेल त्याला ऐकू जाईल एवढाच.

प्रयोग कुठं आणि किती वाजता आहे ते तू कळवलंच नाहीस. पत्रात लिही. त्या आठवड्यात मला दोन दिवस सुट्टी आहे.